ठिपके दिसत होते, नाव दिसत नव्हतं

हे मी माझ्या हातानं लिहितो आहे, पण लिहिलेलं मला वाचता येत नाही. वाक्य पूर्ण झालं की माझ्यासाठी ते शाईचं जाळं होऊन जातं. माझी मुलगी माधुरी संध्याकाळी ऑफिसातून आली की दिवसभराचं लिहिलेलं मला वाचून दाखवते. एका ओळीवर दुसरी ओळ चढली असेल तर विचारून दुरुस्त करते. भाषाही तिनंच थोडी नीटनेटकी केली आहे. माणसांचं बोलणं मात्र मी बदलू दिलं नाही. आमच्या घरात कोणी 'मला' म्हणत नाही, 'मले'च म्हणतात, आणि ते तसंच राहिलं पाहिजे.

लिहायचं कारण एवढंच की दुखणं आलं तेव्हा असं कोणाला झालं होतं आणि त्यानं पुढं काय केलं, हे सांगणारा एकही माणूस मला भेटला नाही. डॉक्टर चांगले होते. पण डॉक्टरांना ते झालेलं नव्हतं.

*

माझं नाव प्रल्हाद. चाळीस वर्षं मी इतवारीच्या भांडेबाजारात भांड्यांवर नावं टाकायचं काम केलं. गोविंदशेठच्या दुकानाच्या पायरीवर, उजव्या अंगाला माझा स्टूल. मामानं मला तिथं आणून बसवलं तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. त्या वेळी मशीन नव्हतं. छिन्नी धरायची आणि हातोडीनं टिचकी मारायची, एका टिचकीला एक ठिपका. मामा म्हणायचा, "अक्षर काढू नको, ठिपके ठेवत जा. अक्षर आपोआप येते." ते खरंच आपोआप यायचं.

लग्नसराईत पायरीवर माणसं दाटीनं उभी राहायची. सावनेरहून बसनं आलेला नवरीचा मामा भाचीसाठी परात घ्यायचा आणि आपलं नाव तिच्यावर ठळक आलं पाहिजे म्हणून दहादा बजावायचा. आत्याला मामापेक्षा मोठं अक्षर हवं असायचं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायला लाजणाऱ्या बाया हळूच चिठ्ठी पुढं करायच्या. कोणत्या घरात कोणाचं लग्न ठरलं, कोणाला मुलगा झाला, कोण गेलं आणि त्याच्या नावानं विहाराला ताटं द्यायची आहेत, हे सगळं माझ्या हाताखालून जायचं. हातगाड्यांचा खडखडाट, टेम्पोवाल्यांच्या शिव्या, समोरून येणारा पितळ घासल्याचा आंबूस वास. त्यातच मी म्हातारा होत होतो आणि मला ते कळतही नव्हतं.

शालूशी माझं लग्न तिथूनच जमलं. तिचे वडील तिच्या मोठ्या बहिणीच्या रुखवताची भांडी घेऊन आले होते, सोबत ती होती. मी एका डब्यावर काना विसरलो. वडिलांच्या लक्षात आलं नाही, हिच्या आलं. "काहो, माह्या बहिणीचं नाव अर्धंच टाकलं का?" म्हणाली. मी मान वर केली. केशरी फुलांची साडी होती, आणि हसू दाबायचा प्रयत्न चालला होता.

*

त्या दिवशी पाच डब्यांचा सेट समोर होता. आता मशीन आलं आहे. सुई थरथरते आणि ठिपके भराभर पडतात, पण तत्त्व तेच. नाव होतं 'वंदना'. 'वंद' झालं. 'ना' टाकायला सुई टेकवली आणि आधीचं अक्षर कुठं संपलं ते पाहायला नजर वळवली.

तिथं ठिपके होते. एकेक ठिपका स्वच्छ दिसत होता, त्याची चमकणारी कडसुद्धा. पण त्यांचं अक्षर होत नव्हतं. डब्यावर मोहरी सांडावी तसे ते पडले होते.

सुईत बिघाड असेल असं वाटलं. डबा फडक्यानं पुसला. मग मान वर केली, आणि समोर दुकान नव्हतं. वर टांगलेल्या कढया, एकात एक घातलेली गंज-पातेली, भिंतीला टेकवलेल्या पराती, हे सगळं तिथं असायला हवं होतं. त्याच्या जागी नुसती चमक. कडा, वाकड्या रेघा, कवडसे, काळपट सावल्या. कोणती कड कोणत्या भांड्याची, कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं, काही केल्या ठरेना.

"शेठ," मी ओरडलो, "भांडे काहून पडले सगळे?"

"कोनते भांडे गा?" गोविंदशेठचा आवाज आला. "एकही नाही पडलं. का झालं तुले? उन्हाचं फिरून राहिलं का डोकं? घे, पानी पी."

समोर काहीतरी आलं. बोटं दिसली आणि बोटांमध्ये एक उभी चमकती पट्टी. ते काय आहे हे मला कळेना. मी हात पुढं केला. थंडगार, गोल. हात लागला आणि क्षणात तो पाण्याचा गिलास झाला. मी घटाघटा प्यालो. खाली ठेवून परत पाहिलं तर पुन्हा पट्टी.

*

डोळ्यांचेच डॉक्टर गाठले. त्यांनी सगळी यंत्रं लावली, थेंब टाकले आणि म्हणाले, "डोळे एकदम चांगले आहेत काका. चष्म्याचा नंबरसुद्धा तोच."

माधुरी सोबत होती. ती म्हणाली, "मंग बाबांले काही ओळखू काहून नाही येऊन राहिलं?"

डॉक्टरांनी माझ्यासमोर काहीतरी धरलं. मी म्हणालो, लांब आहे, निळं आहे, एका टोकाला चमकते. "काय आहे?" ते काही मला ओळखू येईना. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "पेन," मी म्हणालो. डॉक्टरांनी पेन परत घेतलं. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि माधुरीला म्हणाले, घरी जाऊ नका, इथून सरळ दवाखान्यात जा.

दुसऱ्या दिवशी एमआरआयचा फोटो आला. मेंदूचे मोठे डॉक्टर आले. मेंदूच्या मागच्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. स्ट्रोक, म्हणजे झटका.

शालूला पटेना. "हात गेला नाही, पाय गेला नाही, बोलून तं राहिले चांगले. झटका असा असते का डॉक्टर?"

डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही काय काम करता. मी सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. "मग तुम्हाला हे लवकर समजेल," म्हणाले. "डोळे फक्त ठिपके आणतात. रेघा, रंग, कडा. त्यातल्या कोणत्या गोष्टी एकमेकींच्या आहेत, कोणत्या मिळून एक वस्तू होते, ते मेंदूचा मागचा भाग ठरवतो. आपण ते करतो हे आपल्याला कधी कळतसुद्धा नाही. तुमचा तोच भाग दुखावला आहे. ठिपके येतात, नाव बनत नाही."

"बनंन का परत?" मी विचारलं.

"काही बनेल. किती, ते मी आज सांगणार नाही. खोटं होईल."

मी शालूकडे पाहिलं. आवाजावरून ती डाव्या हाताला होती. तिथं एक टिकली होती. एक नाक होतं, नाकाची सावली, केसांची एक बट, ओला डोळा. सगळं होतं. मी ते सगळं गोळा करायचा प्रयत्न केला. बटेपाशी पोचेपर्यंत नाक सुटून जायचं. तीस वर्षं जिच्या चेहऱ्यावरून मला भाजीत मीठ जास्त झालं हेसुद्धा कळायचं, तो चेहरा मला एकत्र धरता येईना.

"काय पाहून राहिले?" ती म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो. तिच्याशी मी मुद्दाम खोटं बोललो असं हे पहिल्यांदाच.

*

दवाखान्यात मी नऊ दिवस होतो. सकाळी सहाला बीपी, सातला चहा, आठला नाश्ता. नाश्त्याची मला धास्ती. पांढऱ्या ताटात पांढरा उपमा, त्यावर चमच्याची सावली. मी हातानं चाचपत खायचो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाटायचं, माणूस दिसायला धडधाकट, मग असा आंधळ्यासारखा काय जेवतो. कारण चालताना मी कशाला धडकायचो नाही. त्याला ते सोंग वाटलं असेल तर मी दोष देणार नाही. मलाच कधीकधी वाटायचं.

येणारा माणूस कोण, हे तो बोलेपर्यंत कळायचं नाही. भेटायला आलेले लोक हसून नुसते उभे राहायचे, मी ओळखीन म्हणून. मीही हसून उभ्या-उभ्या अंदाज करायचो. त्यात सगळ्यात जास्त दमायला व्हायचं. फक्त फरशी पुसणाऱ्या मावशी दारातूनच म्हणायच्या, "मी आली, पोछावाली." पहिल्या दिवसापासून रोज. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

चौथ्या दिवसापासून ऋतुजा यायला लागली. मेंदूच्या दुखण्यावर सराव करून घेणारी मुलगी, माधुरीच्याच वयाची. तिनं एक चित्र पुढं ठेवलं आणि म्हणाली, काका, काय दिसतं?

"जाळं."

तिनं कागद-पेन्सिल दिली. "हेच काढून दाखवा."

एक रेघ पकडायची, ती जिथं जाते तिथं जायचं, मग दुसरी. मामानं तेच शिकवलं होतं. मी पूर्ण चित्र उतरवलं. ऋतुजानं ते उचलून मूळ चित्राशेजारी धरलं.

"काका, किती हुबेहूब काढलंत! काय आहे हे?"

"मले काय मालूम, पोरी? तू जे दाखवलं तेच काढलं."

मग तिनं रंगाचे खडू घेतले. काही रेघा लाल केल्या, काही निळ्या. आणि माझ्यासमोर, अक्षरशः एखादी वस्तू पाण्यातून वर यावी तशी, लाल छत्री वर आली. तिच्यामागं निळी किल्ली. दोन्ही एकावर एक काढलेल्या होत्या. आतापर्यंत मला ती एकच गुंतागुंत दिसत होती.

"छत्री," मी म्हणालो. "छत्री हाय ही!" शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकला. छप्पन वर्षांच्या माणसानं छत्री ओळखली म्हणून ऋतुजानं टाळ्या वाजवल्या, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

*

आता जे लिहितो ते माधुरीनं वगळायला सांगितलं होतं. शालू म्हणाली, राहू द्या.

बेसा वस्तीतल्या आमच्या घरी आल्यावर मला एक गोष्ट सापडली. डोळे मिटले की सगळं अखंड दिसायचं. तुकडे व्हायचे ते फक्त समोरच्या जगाचे. आठवणीतली परात पूर्ण गोल होती. मामाच्या अंगठ्यावरचा घट्टा, मिलमधून सायकलवर परतणारे माझे वडील, त्यांच्या डब्याची पितळी कडी, जुन्या गल्लीतल्या घराची हिरवी खिडकी, मांडवात टाळ्या वाजवणारी शालूची बहीण. एकाचीही कड दुसऱ्यात मिसळत नव्हती.

मग मी डोळे मिटूनच बसायला लागलो. सकाळी चहा झाला की खुर्चीत बसायचं आणि इतवारीला जायचं. कोणत्या वर्षीच्या हेही मी निवडायचो. जेवायलाही डोळे उघडायचो नाही, हाताला घास कळायचा. कोणी काही बोललं तर हूं म्हणायचं. मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. इतकं सुंदर होतं ते सगळं. ऋतुजानं दिलेला सराव तसाच पडून होता.

शालूनं पंधरा दिवस सहन केलं. एका सकाळी तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला.

"डोळे उघडा."

"कायले? काय पाहू?"

"कुठं जाऊन बसता तुम्ही दिवसभर?"

मी सांगितलं. सगळं, अगदी केशरी फुलांची साडीही. मला वाटलं, ती खूश होईल.

"त्या दुकानात मी किती वर्षांची आहो?" तिनं विचारलं.

"असशीन बाविसेक."

"आन् इथं जे पन्नाशीची बाई तीन वेळा गोळ्या देऊन राहिली, तुमचे कपडे धुऊन राहिली, तिचं काय? तिले पाहाले कोनी नाही?"

"शालू, मले तुझं तोंड दिसत नाही वं," मी शेवटी बोललो. "दवाखान्यापासून. नाक दिसते, टिकली दिसते. तू दिसत नाही."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मले माहीत होतं. तुम्ही माह्या कानाकडे पाहून बोलता." थोड्या वेळानं ती माझ्यासमोर येऊन फोटोला बसावं तशी ताठ बसली. "पाहा. घ्या किती वेळ पायजे तितका. मी हलत नाही."

मी पाहिलं. मनापासून पाहिलं. ती फुलाफुलांचा गाऊन घालून फुलाफुलांच्या चादरीवर बसली होती. फुलांमध्ये कुठंतरी एक हात तरंगत होता. बराच वेळ गेला.

"नाही," मी म्हणालो.

ती उठली. पाठ फिरवून स्वयंपाकघराकडे निघाली, उजव्या पायावर किंचित भार देत, पदर नसतानाही सवयीनं खांद्यावरून तो सारखा करत. आणि त्या सगळ्या फुलांतून काही फुलं एकदम सुटी झाली. ती मिळून चालत होती. त्यांना खांदे होते, मान होती, अंबाडा होता.

"शालू!" मी उभा राहिलो. "थांब... नाही, थांबू नको! चाल. चालत राय!"

"आता काय झालं?"

"तू दिसून राहिली. चाल ना वं."

ती वळली, माझ्याकडे चालत आली, परत गेली, परत आली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते पूर्ण कळलं असं म्हणणार नाही. पण ती ती होती, पन्नाशीची, दमलेली. खोलीच्या चार फेऱ्या झाल्यावर ती म्हणाली, "पाय दुखले माहे," आणि भिंतीला टेकून खाली बसून रडली. मी तिच्याशेजारी बसलो. शेजारी बसल्यावर मला ती पुन्हा दिसेनाशी झाली, पण खांदा खांद्याला लागून होता.

ऋतुजाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, असं होतं काका. जे सोबत हलतं ते एकाचंच असतं, एवढं तुमच्या मेंदूला अजून कळतं. आधी सांगायला हवं होतं मी.

*

त्यानंतर आमच्या घरात बरंच बदललं, आणि त्यातलं बहुतेक शालूनं केलं. फुलांच्या चादरी गेल्या, साध्या निळ्या आल्या. पांढरा भात हिरव्या ताटात, वरण लाल वाटीत. गॅसच्या बटणांना लाल चिकटपट्टी. ओट्यावर एक वस्तू दुसरीला चिकटून ठेवायची नाही, मध्ये हातभर जागा. मला काही दाखवायचं असेल तर सगळे ते हलवून दाखवतात. माधुरी आल्यावर दारात हात हलवते. बिल्डिंगमधली लहान मुलंही आता "काका, मी चिनू" म्हणत हात हलवत जातात. जिन्यातल्या पायपुसण्यावर मात्र एक कुत्रं झोपतं, ते त्याच रंगाचं आहे. दोनदा पाय पडला. ते ओरडून उठतं तेव्हा कुत्रं होतं. आमच्यात अजून समझोता झालेला नाही.

शालूनं तिच्या छापील साड्या बहिणीला देऊन टाकल्या. एकरंगी घेतल्या, गर्द. मी तिला म्हणालो, तुला तर फुलांची हौस. ती म्हणाली, "हौस तुम्हाले दाखवाची होती. आता अशानं दिसते तं अशी." हे ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

वाईट दिवसही होते. मी चिडायचो, ताट ढकलायचो. एकदा माधुरीनं पुण्याच्या नोकरीची संधी सोडली हे मला उशिरा कळलं, तेव्हा आमचं मोठं भांडण झालं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मले काही विचारलं का, की ठरवूनच टाकलं का मी तुमच्यासाठी राहिली?" मी ठरवूनच टाकलं होतं. खरं कारण वेगळं होतं, ते तिचं तिच्यापाशी. दुखणेकऱ्याला वाटतं, सगळं आपल्याभोवतीच फिरतं. मला हे समजायला वेळ लागला.

*

पाच महिन्यांनी गोविंदशेठनं निरोप पाठवला, एकदा येऊन तर जा. माधुरीनं मला इतवारीत सोडलं. गल्ली आवाजानं आणि वासानं तशीच होती. दुकान मात्र अजूनही चमकणारा पसारा. शेठनं माझा स्टूल जागेवर ठेवला होता. त्याच्यावर दुसऱ्या कोणाला बसू दिलं नव्हतं, असं ते स्वतः म्हणाले.

"मशीन चालवून पाहतो का गा?"

मी एक ताट मांडीवर घेतलं. नाव विचारलं. हाताला अक्षर माहीत होतं. श्वास रोखून मी एका दमात नाव टाकलं आणि शेठनं वाचलं. बरोबर होतं. मला वाटलं, झालं, सगळं परत आलं. दुसरं ताट एका बाईचं होतं, मुलीच्या लग्नाचं. अर्ध्यात असताना मागं टेम्पोनं हॉर्न मारला. हात थांबला. पुन्हा सुरू करायला गेलो तर आधीचं कुठं संपलं ते दिसेना. अंदाजानं टेकवलं. अक्षरावर अक्षर चढलं. ती बाई काही वाईट बोलली नाही. "जाऊ द्या भाऊ," म्हणाली, पण ताट पदराखाली घेतलं, कोणाला दिसू नये तसं. लग्नाचं ताट होतं ते.

मी मशीन बंद केलं. तो निर्णय मला कोणी सांगितला नाही.

शेठ शेजारी बसले. बराच वेळ आम्ही जुन्याच गोष्टी बोललो. मामा, जळालेलं समोरचं दुकान, एकाच दिवशी दोन लग्नांची भांडी अदलाबदल झाली ती गंमत. बोलता बोलता शेठनं मोडीत आलेला पाण्याचा एक पितळी गुंड माझ्याकडे सरकवला. "याच्यावर काय आहे, कोनालेच वाचता येऊन नाही राहिलं. घासून घासून गेलं."

मी पाहिलंच नाही. अंगठा फिरवला. छिन्नीचे ठिपके होते, मशीनचे नव्हते. 'स' लागला. मग काना. 'वि'. 'त्री'. पुढं 'हिस, आजीकडून'. ठिपका कुठं खोल आहे, कुठं उथळ, यावरून मारणाऱ्याचा हातही कळत होता. घाईचा हात होता, माझ्या मामाचा नव्हता.

आता आठवड्यातून दोन दिवस मी जातो. नावं टाकत नाही. लोक घरातली जुनी भांडी घेऊन येतात, पणजीचं नाव काय होतं ते विचारायला. मी बोटानं वाचतो, माणसं ऐकतात. कधीकधी एखादा माणूस ते नाव ऐकून बाहेर गल्लीत जाऊन उभा राहतो. थोड्या वेळानं परत येतो.

*

मागच्या महिन्यात ऋतुजाचा फोन आला. सावनेरकडच्या एक बाई होत्या, कमलबाई. कापूस वेचणाऱ्या, वर्षानुवर्षं शेतात राबलेल्या. त्यांनाही माझ्यासारखंच झालं होतं. तीन आठवडे झाले होते, त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. मुलीशीसुद्धा बोलत नव्हत्या. "तुम्ही याल का काका? मी सांगितलेलं त्यांना खरं वाटत नाही."

मी दवाखान्यात गेलो. खाटेजवळ बसलो आणि म्हणालो, "बाई, माझं नाव प्रल्हाद. मले तुमच्यासारखंच झालं होतं. आताही आहे."

मग चादर खसखसली. त्या उठून बसत होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, अगदी हळू, "राग नका मानू. तुमचं तोंड मले दिसून नाही राहिलं. एक मिशी दिसते. एक कान दिसते."

"काहून मानू? मलेही तुम्ही दिसून नाही राहिल्या. हिरव्या बांगड्या दिसते, आन् काहीतरी पांढरं हाय, पदर असंन नाही तं केस."

"केसच होय. पदर निळा हाय."

"असं का."

"मंग," त्या म्हणाल्या, "तुम्हाले मी नाही दिसत, मले तुम्ही नाही दिसत. आपण बोलून कोनासंग राहिलो?"

मला हसू आलं. आधी मीच हसलो, मग त्याही. खोकला येईपर्यंत हसल्या. दाराशी कोणीतरी रडत होतं. ती त्यांची मुलगी असणार.

कमलबाईंनी डोळे पुसले असावेत, बांगड्या वाजल्या. मग त्यांचा आवाज दाराकडे वळला, एकदम घरातला, शेतातून हाक मारावी तसा.

"रडून काय राहिली वं तिथं? पाहुणे आले, पाह्य, चहा कुठं भेटते."